उपाशीपोटी डोंगर

मला कुत्र्यांची भीती वाटते, उंच जागेची वाटते, आणि लग्न होऊन सासरी गेले तरी आप्पांची, म्हणजे माझ्या वडलांची, भीती काही गेली नव्हती. दसऱ्यानंतरच्या त्या सोमवारी मी माहेरी आले होते आणि हे तिन्ही एकदम माझ्या पदरात पडलं.

आमचं केजला किराणा दुकान. बाजारपेठेतली आठ-दहा माणसं दरवर्षी दसरा झाला की एका सोमवारी दुकानं बंद ठेवायची आणि बालाघाटातल्या एका उंच डोंगरावर महादेवाला जायची. सकाळी चढायचं, वर अभिषेक, मग अंगतपंगत, आणि दिवस कलायच्या आत खाली. ते दिवस नवीन-नवीन वस्तू येण्याचे होते. गल्लीत केबल आली होती, कोपऱ्यावर एसटीडी बूथ निघालं होतं, आमच्या दुकानात गोळ्या-बिस्किटांच्या बरण्यांवर शाम्पूच्या पुड्यांच्या माळा लोंबायच्या. त्या माळा डोक्याला लागल्या की आप्पा माझ्या धाकट्या भावावर ओरडायचे, "दुकान हाय का लग्नाचा मांडव?" दुकान आता भाऊच बघायचा. पण डोंगराची रीत कुणी सोडली नव्हती, आणि आप्पा तर मुळीच सोडणार नव्हते.

आप्पांना साखर निघाल्याला वर्ष-दीड वर्ष झालं होतं. बीडच्या डॉक्टरांनी मला आणि आईला समोर बसवून सांगितलं होतं, गोळी पोटात गेली की लगेच खायला द्या. गोळी घेऊन उपाशी राहिले तर साखर एकदम उतरेल, दरदरून घाम येईल, बरळायला लागतील, आणि वेळेवर काही गोड पोटात गेलं नाही तर माणूस हातचा जाईल. ते 'हातचा जाईल' माझ्या कानातून कधी गेलंच नाही. आई विसरून गेली, भाऊ हसण्यावारी न्यायचा, आप्पा म्हणायचे, "डॉक्टरच्या बापाचं काय जातंय सांगायला!" काळजी करायचं कंत्राट घरात माझ्या एकटीकडं होतं.

आम्ही लिंगायत. जन्मल्यावर स्वामी येऊन प्रत्येकाला त्याचं त्याचं इष्टलिंग देतात, ते मरेपर्यंत गळ्यात. आप्पांचं चांदीच्या डबीत असायचं, दोऱ्यात ओवलेलं. रोज पहाटे अंघोळ करून ते डाव्या तळहातावर घ्यायचे, भस्म लावून पूजा करायचे, आणि पूजा होईपर्यंत पाण्याचा थेंब तोंडात घ्यायचे नाहीत. आधी पूजा, मग गोळी, मग भाकरी. हा क्रम कधी चुकायचा नाही, म्हणून मी जरा निर्धास्त होते. तरी निघताना आईला विचारलंच, "गोळी दिली?"

"दिली बाई."

"खाल्लं का त्यांनी?"

"खाल्लं आसंल की. अंघोळ करून आले तसं गोळी दिली, मी तुमच्या दशम्या बांधत बसले."

बाहेर जीपवाला हॉर्नवर हात ठेवून बसला होता. मी चप्पल घातली आणि पळाले.

मांजरसुंब्याला ढाब्यावर सगळे चहाला उतरले. आप्पा जीपमध्येच बसून राहिले. मला वाटलं, शहाणे झाले, साखरेचा चहा टाळतायत. मनातल्या मनात खूशसुद्धा झाले बघा मी.

डोंगराच्या पायथ्याला एक धनगर आमची वाट बघत बसायचे. बाजारपेठेतले सगळे त्यांना मामाच म्हणायचे. झाडीत रानडुकरं असायची, म्हणून मामा आणि त्यांची कुत्री बरोबर असल्याशिवाय आमच्यातलं कुणी तो डोंगर चढत नसे. कुत्री दोन. काळा पुढं चालायचा, तांबडी मागं. वासराएवढी धूडं, गळ्यात खिळ्यांचे पट्टे. काळ्यानं येऊन माझ्या पदराचा वास घेतला तशी मी भावाच्या पाठीमागं गेले.

"अक्का, कुत्रं हाय, वाघ न्हाई," भाऊ म्हणाला.

"तुला चावला की सांग मला, मंग कळंल काय हाय ते."

चढ सुरू झाला. सगळ्यांचं जेवण एका जुन्या लुगड्यात बांधून मोठं गाठोडं केलेलं, ते पाळीपाळीनं एकेकजण पाठीवर घ्यायचा. शेजारच्या दुकानाचे कापडवाले काका गोष्टी सांगत पुढं, मधे बाकीचे, मग भाऊ, मी, आणि सगळ्यात मागं आप्पा. आप्पा मागं हे मला पहिल्यांदाच दिसत होतं. दरवर्षी ते पुढं असायचे आणि वरून आम्हाला नावं ठेवायचे.

तांबडी त्यांच्या टाचेला नाक लावून चालत होती. ते थांबले की थांबायची, ते निघाले की निघायची. मी मामांना हाक मारली, "मामा, ही आप्पांच्या मागं कावून लागलीय? चावणार-बिवणार न्हाई ना?"

"चावती कशाला? कळपात जे मेंढरू थकलंय ना, त्याच्याच मागं ऱ्हाती ती. तिला तसंच शिकवलंय."

सगळे हसले. कापडवाले काका म्हणाले, "आप्पा, तुमाला मेंढरू केलं की हो तिनं!" मलाही हसू आलं, मग मागं वळून बघितलं. आप्पांच्या कपाळावर घामाचे थेंब टपोरे झाले होते. हवा गार होती. मी घाम पुसायला पदर पुढं केला तर त्यांनी झटकला.

अर्ध्या वाटेवर एक सपाट जागा लागते, पिंपळाखाली. तिथं सगळे टेकले. मी पाण्याची बाटली आप्पांच्या पुढं धरली. त्यांनी मान वळवली.

"पूजा व्हायचीय."

"म्हंजी? पहाटे केली की."

"पहाटे अंघोळ केली. पूजा वर करणार. वरच्या झऱ्याच्या पाण्यानं करायची, मनात धरलंय मी."

मी विचारलं, "आणि गोळी?"

"घेतली की. तुझ्या आईनं हातावर ठेवली, गिळली."

"पाण्याशिवाय?"

"कोरडीच. गोळीला काय नेम आसतो व्हय? ती औषध हाय."

आता याला काय म्हणावं! पाण्याला नेम, भाकरीला नेम, आणि गोळीला तेवढी मुभा. एरवी मी वडलांपुढं आवाज चढवला नसता. तेव्हा चढवला. "आप्पा, इथंच पूजा करा. आत्ताच्या आत्ता. बाटलीत पाणी हाय, भस्म तुमच्या खिशात हाय. नायतर मी इथनं पुढं पाऊल टाकू देणार न्हाई."

"लई डोकं खाती ही पोरगी," ते कापडवाल्या काकांना म्हणाले. पण धोंड्यावर बसले. पायात त्राण नसावं, म्हणून ऐकलं असेल. सदऱ्याची गुंडी काढली आणि गळ्यात हात घातला. तो हात तिथंच फिरत राहिला. मग दुसरा हात घातला. मग सदरा वर करून झटकला. डबी नव्हती. तुटलेल्या दोऱ्याचं एक टोक कॉलरला अडकलं होतं.

लिंग अंगावरून जाणं म्हणजे काय, हे तिथं बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. लिंग अंगावर नाही तर अन्न नाही, पाणी नाही. आमच्या पणजोबांचं लिंग नदीत पडलं तेव्हा ते सापडेपर्यंत ते काठावर उपाशी बसून होते, ही गोष्ट आप्पा आम्हाला लहानपणापासून सांगत आले होते. आणि किती अभिमानानं सांगायचे! तीच गोष्ट आता माझ्यापुढं उभी राहिली.

"इथंच कुठंतरी पडलं आसंल," भाऊ म्हणाला आणि वाटेनं खाली पळत सुटला. त्याच्यामागं सगळेच. मामाही काठीनं गवत बाजूला करत उतरायला लागले. मी आप्पांना धरून थोडं खाली नेलं, कारण ते बसून राहायला तयार नव्हते. वाटेत नुसता मुरूम आणि कुसळी गवत, त्यात बोटभर डबी! मी प्रत्येक चकाकत्या दगडावर झडप घालत होते. आप्पा आता थुंकायला लागले होते, सारखे. लिंग नाही तर थुंकीसुद्धा गिळायची नाही, हेही पणजोबांचंच.

कुणालाच काही सापडलं नाही. दमून परत पिंपळाखाली आलो तर वेगळाच तमाशा. गाठोडं फाडलेलं, काळा आणि तांबडी तोंड खुपसून बसलेले. प्रसादाचा शिरा चाटून साफ, गुळाच्या दशम्या गायब. उरले होते मातीत लोळलेले चार-दोन धपाटे आणि ठेचा.

भावानं दगड उचलला. मामांनी त्याचा हात धरला. "त्यांना कावून मारतो बे? गठुडं खाली कुनी ठेवलं? आमी खाली ठेवलं म्हंजी कुत्र्याला वाढलं. मानसाचं आसलं की फांदीला टांगतो. ही काय शिकवायची गोष्ट हाय व्हय?"

आम्हाला कोण शिकवणार! दुकानातली माणसं आम्ही, माल जमिनीवर थप्पी लावून ठेवायची सवय. भावानं दगड खाली टाकला. त्याला गोष्टीचं गांभीर्य अजून कळलं नव्हतं, त्याच्या डोक्यात फक्त हरवलेलं लिंग होतं. माझ्या डोक्यात शिरा होता. गोड म्हणून जे काही होतं ते कुत्र्यांच्या पोटात गेलं होतं.

मी एकेकाला खिसे उलटे करायला लावले. तंबाखू, सुपारी, चुन्याची डबी. एकाच्याही खिशात लिमलेटची गोळी निघेना. आमच्या दुकानात बरण्या भरून गोळ्या, साखरेची पोती, गुळाच्या भेल्या, आणि इथं चिमूटभर साखरेला मी महाग झाले होते. मामांना विचारलं, दूध मिळंल का कुठं? मेंढरं पार पलीकडच्या माळावर होती.

तोवर आप्पा उठून वर चालायला लागले. "चला बे," ते भावाला म्हणाले, "अभिषेक ऱ्हाईला." आप्पांनी भावाला कधी 'बे' म्हटलं नव्हतं. मग त्यांनी त्याला एक शिवी दिली, अशी की कापडवाले काका दुसरीकडं बघायला लागले. चार पावलं गेले आणि गुडघ्यातून वाकले. भावानं धरलं म्हणून पडले नाहीत. सदरा पिळून काढावा इतका ओला. तांबडी पळत आली आणि त्यांच्या पायाशी बसली. मला तिचा राग आला, भीतीसुद्धा वाटायची राहून गेली.

मी माझ्या गळ्यातलं लिंग काढायला लागले. "आप्पा, माझं घ्या. यावर पूजा करा आणि पाणी तरी प्या."

त्यांनी मान हलवली. जीभ जड झाली होती. "ज्याचं त्यालाच... चालत न्हाई." हे मलाही माहीत होतं. नवऱ्याचं बायकोला चालत नाही, तिथं लेकीचं बापाला कुठून चालणार! पण दुसरं काय करू?

थोड्या वेळानं त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "तुमी कुनाच्या?"

अगं बाई गं. डॉक्टरांचं ते 'बरळायला लागतील' ते हेच. आता पुढची पायरी कोणती, तीही मला तोंडपाठ होती. खाली उतरवून जीपपर्यंत न्यायचं म्हटलं तर दिवस मध्यावर आला असता, आणि तिथून पुढं बीड.

"मामा, इथं सीताफळं हायेत ना?" मी ओरडले. डोंगराच्या त्या कुशीला सगळी सीताफळीची झाडी. मामांनी वरच्या घळीकडं बोट केलं. "हायेत. पन पाडाचं घावाया पायजे, कच्चं काय कामाचं? आन् डुकरं तिथंच आसत्यात, काळ्याला संगं घ्या." ते आप्पांच्या डोक्याखाली घोंगडी सरकवत होते. मी काळ्याला हाक मारली. मी! आणि त्या धुडाच्या मागून वाकून झाडीत शिरले.

फळं ढीगभर होती आणि सगळी दगड. एक दाबून बघ, टणक. दुसरं दाबून बघ, टणक. काटक्या केसांत अडकत होत्या, पुढं कशाची तरी खसखस झाली आणि काळा गुरगुरून धावला, मी जागीच बसले. डुक्कर असेल, नसेल, मी बघितलंच नाही. माझ्या तोंडून नुसतं "महादेवा, एक दे रे, एक दे" एवढंच निघत होतं. शेवटी एका वरच्या फांदीला पाखरांनी अर्धं टोकरलेलं एक दिसलं. हात लावताच बोटं आत रुतली. त्यावर मुंग्या होत्या. मुंग्यांसकट घेतलं आणि पळाले.

आप्पा डोळे मिटून पडले होते. मी खाली बसून गर हातात काढला, बिया वेचल्या, कारण बी घशात अडकायची वेगळीच धास्ती. भावानं माझं मनगट पकडलं.

"अक्का, नको. लिंग न्हाई अंगावर. शुद्धीवर आल्यावर त्यांना कळलं तर ते जीव देतील."

"शुद्धीवर येऊ तर दे आधी!"

"त्यांनी जलमभर पाळलंय. तुला म्हायती हाय ना, पणजोबा..."

"पणजोबा गोळी खाऊन बसले नव्हते!" मी किंचाळले. "सोड हात. सोडतो का न्हाई? आई विचारील तेव्हा तू सांगणार हायेस का, नेम पाळला म्हणून?"

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. तो वाईट नव्हता हो. तो आप्पांना माझ्याइतकाच भीत होता, आणि आप्पांना ज्याची लाज वाटेल ते त्याच्या हातून व्हायला नको होतं. त्यानं हात सोडला, पण मदतही केली नाही. तोंड फिरवून उभा राहिला.

आप्पांचे दात घट्ट मिटलेले. मी गालाच्या आत बोट घालून गर सारला. थोडा ओघळून बाहेर आला. पुन्हा सारला. ते मान हलवत होते, ओठ आवळत होते, आणि मी रडत होते आणि सारत होते. म्हाताऱ्या बापाच्या तोंडात बोटं घालून त्याचा नेम मोडतेय, असं वाटून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. तांबडी जवळ सरकून ओघळलेलं चाटायला लागली, तिला कुणी हाकललं नाही.

मग नुसतं बसून राहणं. किती वेळ, मला नाही सांगता येणार. मामा त्यांचे तळपाय चोळत होते. कापडवाले काका जपाचं काहीतरी पुटपुटत होते. मी आप्पांच्या छातीकडं बघत होते, वर होतेय, खाली होतेय, आणि मधेच झाली नाही असं वाटलं की वाकून त्यांच्या नाकाशी हात धरायचे. देवाला मी काय-काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

आणि आप्पांचा जबडा हलला. तोंडात काहीतरी इकडून तिकडं फिरलं, ओठ पुढं आले, आणि एक काळी बी बाहेर पडून घोंगडीवर आली. माझ्या नजरेतून सुटलेली. जाणत्या माणसानं टाकावी तशी नीट, गर चोखून टाकलेली बी. मी भावाची पँट ओढली, "बघ, बघ!" तो वळला.

थोड्या वेळानं डोळे उघडले. आधी पिंपळाकडं बघितलं, मग आमच्याकडं. घाम थांबला होता.

"घावलं का?" त्यांनी विचारलं.

"न्हाई, आप्पा," भाऊ म्हणाला.

त्यांनी छातीवर हात ठेवला, जिथं डबी असायची तिथं. मग ओठांवरून जीभ फिरवली. "सीताफळ हाय." आमच्या एकेकाकडं बघितलं. "कुणी घातलं तोंडात?"

भाऊ खाली बघत होता. "मी," मी म्हणाले. "आणि परत वेळ आली तर परत घालीन. काय बोलायचं ते मला बोला."

ते वर बघत राहिले. मला वाटलं, झालं, आता हे घरी जाऊन अन्न सोडणार. वाचवला आणि घालवला. मग त्यांनी माझं मनगट धरलं, तिथंच, जिथं भावानं धरलं होतं. डोळ्यांच्या कडांतून पाणी कानाकडं वाहत होतं. आप्पांना रडताना मी कधी बघितलं नव्हतं.

"तुला वाटलं आसंल, बाप नेमाचा लई पक्का," ते हळूच म्हणाले. "तोंड मी मिटून धरलतं. पण आतून म्हणत होतो, कुणीतरी जबरदस्तीनं घाला रे. माझं मला मागता येईना गं. मरायचं न्हवतं मला."

मी पदरानं त्यांचे डोळे पुसले, या वेळी त्यांनी पदर झटकला नाही.

"पाणी दे," आप्पा म्हणाले.

मी त्यांना टेकवून बसवलं आणि बाटली त्यांच्या हातात दिली. पाणी सांडायला लागलं. तेव्हा भाऊ पुढं आला, त्यांच्यासमोर बसला, बाटली खालून दोन्ही हातांनी धरली, आणि आप्पा सगळं पाणी पिईपर्यंत तशीच धरून ठेवली.